सोणाची वीणा आणि सोणाच्या वहाणा



ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी गेली आहे, कॉलेजच्या वसतिगृहात राहते आहे, आणि ज्या घरात याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, अशा घरांसाठी आजचे प्रवचन आहे. आपण नव्याने धम्म स्वीकारला. घरातले देव्हारे काढले, नवस सोडले, मुलांना शाळेत घातले. मुलाच्या फीची, पुस्तकांची, कपड्यांची काळजी आपण करतो. त्याच्या मनाची काळजी कोणी करायची, हा प्रश्न मात्र आपण अजून विचारलेला नाही. तथागतांनी तो अडीच हजार वर्षांपूर्वी विचारला होता.

चंपानगरीत सोण नावाचा एक श्रेष्ठीपुत्र होता. इतका सुखात वाढलेला की त्याचे तळपाय लोण्यासारखे मऊ. त्याने घर सोडले आणि तो भिक्खू झाला. राजगृहाजवळच्या सीतवनात राहून तो साधना करू लागला. मागे राहायचे नाही या जिद्दीने त्याने इतके चंक्रमण केले की पाय फुटले आणि चालण्याची वाट रक्ताने माखली. एवढे करूनही मन शांत होईना. तेव्हा त्याच्या मनात आले, माझ्याइतकी खटपट दुसरा कोणी करीत नसेल, तरी मला यश नाही. घरी पैसा आहे. परत जावे, दानधर्म करावा आणि सुखाने राहावे.

भगवंतांना हे कळले. ते स्वतः उठून सोणाकडे गेले. त्यांनी त्याला भित्रा म्हटले नाही. दुसऱ्या भिक्खूंकडे बोट दाखवून, ते बघ कसे करतात, असे ऐकवले नाही. त्यांनी त्याला त्याच्याच माहितीतले एक विचारले. घरी असताना तू वीणा उत्तम वाजवीत होतास ना? तार फार ताणली तर ती नीट वाजत असे का? नाही, असे सोण म्हणाला. फार सैल सोडली तर? तरीही नाही. मग बेताची लावली तर? तेव्हा मात्र वाजत असे. भगवंतांनी सांगितले की प्रयत्नाचेही असेच आहे. सोणाने ते ऐकले, आपले मन बेताने लावले आणि पुढे तो अर्हत झाला.

ही गोष्ट आपण विहारांत ऐकतो आणि येथेच थांबतो. विनयात ती आणखी पुढे जाते. भगवंतांनी सोणाच्या रक्ताळलेल्या पायांकडेही पाहिले. तू नाजूक वाढलेला आहेस, तुला मी एकतळी वहाणा वापरण्याची परवानगी देतो, असे ते म्हणाले. सोणाने ही एकट्याची सवलत घेतली नाही. गाड्यांनी मोजावे इतके सोने सोडून आलेला सोण आता वहाणांना चिकटला, असे लोक म्हणतील. संघाला परवानगी असेल तर मीही घालीन, नसेल तर मला नको. तेव्हा भगवंतांनी साऱ्या संघालाच वहाणा घालण्याची मुभा दिली.

बंधूंनो, नीट पाहा. तथागतांनी दोन गोष्टी केल्या. सोणाचे मन सावरले, आणि सोणाचे पाय ज्या नियमामुळे फुटत होते तो नियमही बदलला. नुसती वीणा सांगितली असती तर तो उपदेश अर्धा राहिला असता. नुसत्या वहाणा दिल्या असत्या तरीही तो अर्धाच राहिला असता. आज आपल्या शिकणाऱ्या मुलांना हा पूर्ण उपदेश हवा आहे.

आता आपल्या मुलांच्या पायांखालची वाट कशी आहे ते पाहू. मी शिक्षक आहे. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. त्यामुळे या वाटेवरचे खडे मला ठाऊक आहेत. वस्तीतल्या शाळेत पहिला येणारा मुलगा विद्यापीठात जातो आणि पहिल्याच परीक्षेत मागे पडतो. आजवर मराठीत शिकला, आता सारे इंग्रजीत. प्रश्न सुचतो, पण विचारताना बोलण्यातली चूक कोणी हसेल म्हणून तो हात वर करीत नाही. ओळख होण्याआधी कोणी आडनाव विचारतो, कोणी प्रवेशपरीक्षेतला क्रमांक विचारतो, आणि त्या विचारण्याचा अर्थ दोघांनाही माहीत असतो. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही आणि मेसचे पैसे थकतात. घरी सांगावे तर बापाने आधीच उसनवारी केलेली. मग तो फोनवर म्हणतो, सगळे बरे आहे.

मुलीची तर याहून कठीण अवस्था असते. एक विषय राहिला असे तिने घरी सांगितले तर, पुरे झाले शिक्षण, आता स्थळ बघू, असे ऐकावे लागेल ही तिला भीती असते. म्हणून ती रडते ती वसतिगृहाच्या खोलीत, आणि सुटीत घरी येते ती हसत. मातांनो, आपल्या मुलीला आपल्यापाशी नापास झाल्याचे सांगता येते का? हे एकदा स्वतःला विचारून पाहा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यवार आकड्यांत आपला महाराष्ट्र सर्वांत वर होता. हे सगळे आपलेच विद्यार्थी नव्हेत. हे दुःख सर्व जातींच्या घरांत आहे. पण आपल्या मुलांच्या दुःखात आणखी एक काटा असतो, आणि तो बाहेरून टोचलेला असतो. हैदराबाद विद्यापीठाचा संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी आपल्यातून गेला. जळगाव जिल्ह्यातील आदिवासी घरातली डॉक्टर पायल तडवी मे २०१९ मध्ये मुंबईत गेली. जातीवरून छळ झाला, असे दोन्ही घरांनी सांगितले. त्या दोघांच्या माता, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, २०१९ साली एकत्र सर्वोच्च न्यायालयात गेल्या. उच्च शिक्षणसंस्थांतला जातीय भेदभाव थांबवा, एवढीच त्यांची मागणी. आपले मूल गेल्यावर दुसऱ्यांच्या मुलांसाठी न्यायालयाची पायरी चढणे, याहून मोठी करुणा कोणती?

असे असताना घरी आपण काय करतो? आपण तार आणखी ताणतो. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, तुला काय धाड भरली, हे वाक्य आपल्या घरोघरी आहे. बाबासाहेबांचे उदाहरण द्यावे, जरूर द्यावे, पण ते पूर्ण द्यावे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. त्याच वर्षी बडोद्यात पारशी वसतिगृहातून लोकांनी काठ्या घेऊन त्यांना बाहेर काढले. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. त्या दिवशी आपण ढसाढसा रडलो, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे. पुढे ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले तेव्हा मित्र नवल भथेना यांनी पैशाची मदत केली, आणि इकडे माता रमाईने घर सांभाळले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. तो त्यांनी पुन्हा लिहून दिला आणि १९२३ साली पदवी मिळवली.

म्हणजे आपला मुक्तिदाता रडला होता, त्याचा प्रबंध परत आला होता, त्याने मित्राची मदत घेतली होती, आणि हे त्याने लपवले नाही. हे आपण मुलांना का सांगत नाही? ज्या मुलाला ठाऊक आहे की बाबासाहेबही बडोद्यात रडले, तो आपले रडणे लाजिरवाणे मानणार नाही. बाबासाहेबांचे चरित्र हा मुलाच्या हातातला दिवा आहे. त्याची छडी करू नका.

या विषयावर जगात शास्त्रीय संशोधनही झाले आहे, आणि ते आपल्यासारख्याच लोकांच्या मुलांवर झाले आहे. अमेरिकेतील काळ्या लोकांची मुले विद्यापीठात जातात तेव्हा त्यांच्याही मनात तोच किडा असतो, ही जागा आपली नव्हे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी पहिल्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातील मुलांचे अनुभव वाचायला दिले. त्या अनुभवांचे सार असे की सुरुवातीला सगळ्यांनाच परके वाटते, गोऱ्यांनाही वाटते, आणि हळूहळू ते निवळते. मग त्या मुलांनी स्वतःच्या शब्दांत हेच लिहून काढले. सारे काम तासाभराचे. पुढे तीन वर्षे लक्ष ठेवले तेव्हा या काळ्या विद्यार्थ्यांचे गुण वाढलेले दिसले, आणि गोऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा ते जितके मागे होते ते अंतर निम्म्यावर आले. हे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले.

कारण समजून घ्या. तोपर्यंत एखादा प्राध्यापक तुटकपणे बोलला की मुलाला वाटे, मी येथे शोभत नाही. आता त्याला वाटू लागले, नवख्याला असे होतेच. प्रसंग तोच, पण मनाने त्याचा अर्थ वेगळा लावला. मनच सर्वांच्या पुढे चालते, ही आपल्या धम्माची शिकवण येथे प्रयोगाने दिसली.

आता याच्या पुढचा भाग ऐका. २०२३ साली वॉल्टन आणि इतर अनेक संशोधकांनी हाच प्रयोग २२ महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत, सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांवर केला. तेव्हा असे दिसले की जेथे मुलाला खरोखर सामावून घेतले जाण्याची संधी होती तेथेच उपदेशाचा उपयोग झाला. जेथे तशी संधीच नव्हती तेथे तो कामी आला नाही. बंधूंनो, ही सोणाचीच गोष्ट नव्हे काय? तार बेताने लावली तरी काट्यांतून अनवाणी किती चालणार? म्हणून जे लोक आपल्या मुलांना फक्त मन खंबीर कर असे सांगतात, ते त्यांना वीणा देतात आणि वहाणा चोरतात.

मग वहाणा कोणत्या? त्या मागून घ्याव्या लागतात आणि त्यासाठी त्यांची नावे माहीत पाहिजेत. २००७ साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्स या वैद्यकीय संस्थेतील भेदभावावर अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांकडून पुरेसे साहाय्य मिळत नाही आणि वसतिगृहातही त्यांना वेगळे पडावे लागते, हे त्यात नोंदले गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समतेचे नियम केले. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष असावा आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमावा, असे त्यांत सांगितले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मार्गदर्शक सूत्रे दिली. ज्या संस्थेत शंभर किंवा अधिक विद्यार्थी आहेत तेथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे त्यांत आहे. समुपदेशक म्हणजे मनातले ऐकून घेणारा आणि वाट दाखवणारा जाणकार. मुलाला सोडायला जाल तेव्हा खोली आणि मेस पाहता, तसेच समुपदेशक कोठे बसतो, समान संधी कक्ष कोठे आहे, हेही विचारून या. अपमान झाला तर लेखी तक्रार करा, तिची पोचपावती घ्या आणि मुलाला एकट्याला पाठवू नका. यात कमीपणा नाही. सोणाने वहाणा साऱ्या संघासाठी मागितल्या. आपल्या मुलाने मागितलेला न्याय पुढच्या वर्षी येणाऱ्या सगळ्या मुलांच्या पायांत जातो.

विनयातली आणखी एक गोष्ट सांगतो, कारण आजारपणाचा प्रश्न अजून राहिला आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो आपल्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंत आनंदासह तेथे आले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. एकाने डोके धरले, एकाने पाय धरले आणि त्याला उचलून खाटेवर निजवले. मग भगवंतांनी भिक्खूंना बोलावले आणि समजावले की तुमचे येथे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

वसतिगृहातही आईबाप नसतात. तेथे खोलीतला सोबती, वरच्या वर्गातला दादा, शेजारच्या गावची ताई हाच संघ. आणि मनाचा आजार हा आजारच आहे. ते भूत नव्हे, करणी नव्हे, कोणाची दृष्ट नव्हे. मागच्या जन्मीचे पाप तर नव्हेच. गतजन्मीच्या कर्माने आजचे दुःख ठरते, ही कल्पना बाबासाहेबांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली आहे. म्हणून मूल गप्प झाले की त्याला देवऋषाकडे नेणे, गंडा बांधणे, अंगारा लावणे हे बौद्ध घरात होता कामा नये. काही घरांत आता त्याऐवजी, ध्यानाला बस म्हणजे बरे वाटेल, असे सांगतात. श्वासावर लक्ष ठेवण्याने मन निवते हे खरे, पण ताप आल्यावर आपण जसे औषध घेतो तसे येथेही डॉक्टर पाहिजे. ध्यान औषधाची जागा घेत नाही.

आजाराची खूण कशी ओळखावी? झोप उडते, किंवा मूल दिवसच्या दिवस झोपून राहते. जेवण तुटते. आवडीचे खेळ, गाणी, मित्र नकोसे होतात. फोन उचलत नाही. मी तुमच्यावर ओझे झालो आहे, असे बोलते. जपून ठेवलेल्या वस्तू वाटून टाकते. असे आठवडा दोन आठवडे चालले तर वाट पाहू नका. जवळ बसून सरळ विचारा, बाळ, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का? असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणीतरी विचारले म्हणून त्याचा जीव हलका होतो. उत्तर होय आले तर रागावू नका, शपथा घालू नका, त्याला एकटे सोडू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही फोन करावा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लिहून ठेवा.

धम्मबंधूंनो, आता घराने आणि विहाराने काय करावे ते सांगून संपवतो. घराने एवढेच करावे. फोनवर गुणांच्या आधी जेवलास का, झोपलास का, आज कोणाशी बोललास का, हे विचारावे. मूल बोलू लागले की मध्येच उपदेश करू नये. नापास झालेल्या मुलासाठीही घराचे दार उघडे आहे, हे त्याला नापास होण्याआधी सांगून ठेवावे. आणि मुलीला स्वच्छ सांगावे की एक वर्ष गेले म्हणून तुझे शिक्षण थांबणार नाही.

विहाराचे काम याहून मोठे आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपला वर्षावास असतो. त्याच दिवसांत मुले नव्या कॉलेजात नवखी असतात. वर्षावासात ग्रंथवाचन होतेच. त्यातला एक रविवार विद्यार्थ्यांना द्या. वस्तीतले जे शिकून पुढे गेले त्यांना बोलवा, आणि त्यांना यशाचे भाषण करू देऊ नका. पहिल्या वर्षी आम्हाला काय कठीण गेले, कोठे रडलो, कोणी हात दिला, हे त्यांनी सांगावे. अमेरिकेतल्या त्या विद्वानांनी तासाभरात जे केले तेच हे काम आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. कोणत्या शहरात आपले कोण आहे याची वही विहारात ठेवा. नवीन मूल तेथे गेले की त्याच आठवड्यात कोणीतरी त्याला भेटले पाहिजे. मेसचे दोन महिने भागतील एवढी छोटी पुंजी जमवा, म्हणजे शिष्यवृत्ती लांबली म्हणून कोणी उपाशी अभ्यास करणार नाही. शिकून नोकरीला लागलेल्यांनी यात पहिले पैसे टाकावेत.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज सुरू केले. त्या कॉलेजाचे नाव आज मिलिंद महाविद्यालय आहे आणि त्या परिसराचे नागसेनवन. मिलिंद राजा प्रश्न विचारणारा, नागसेन स्थविर उत्तर देणारे. राजाने शंकेमागून शंका काढली आणि स्थविर त्याच्यावर चिडले नाहीत. आपले घर असे झाले पाहिजे. मुलाने, मला जमत नाही, असे म्हणावे, आणि आईबापांनी न चिडता, सांग, काय जमत नाही, असे विचारावे.

सोण परत निघाला होता. तथागत त्याच्यापाशी गेले म्हणून तो थांबला. आपल्या वस्तीतला एखादा सोण आज रात्री कोठल्या तरी खोलीत बसून असाच विचार करीत असेल. त्याच्याकडे जायचे काम आता आपले आहे. त्याची तार थोडी सैल करा, आणि त्याच्या पायांत वहाणा घाला.

नमो बुद्धाय! जय भीम!